कंठगायनाच्या संचाची कुळकथा

सायबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाच्या सीमेला लागून तुवा आहे. तिथल्या कंठगायनाचे कार्यक्रम आज देशोदेशी होतात. मंचावर तिघे-चौघे गायक, अंगात लांब रेशमी झगे, हातात दोन तारांचं इगिल. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं असावं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. गायकी जुनी आहेच. संच मात्र अगदी अलीकडचा.

हे कंठगायन, म्हणजे खोमेई, मुळात एकट्यानं गायचं गाणं, गुरं-घोडे राखत माळावर फिरणाऱ्या माणसाचं. गळ्यात एक भरीव स्वर धरून ठेवायचा आणि जिभेच्या, ओठांच्या हालचालींनी त्याच स्वरातले उपस्वर एकेक करून उजळायचे. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तुवाचा गायक असे स्वयंभू स्वर आपल्या मर्जीनं निवडून त्यांची सुरावट बांधतो. सिगित या प्रकारात ती शीळ घातल्यासारखी धारदार होते. कारगिरात गळ्यातल्या वरच्या घड्याही कंप पावतात आणि आवाज एक सप्तक खाली उतरतो. एझेंगिलेरमध्ये घोड्याच्या चालीची लय असते. ओढ्याकाठी बसून ओढ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, कड्यासमोर उभं राहून प्रतिध्वनीला साथीला घ्यायचं, ही तिथली रीत. अशा गाण्याला दुसरा गायक लागतच नाही.

1944 मध्ये तुवा सोव्हिएत संघात गेला. पुढे सरकारी पथकं आली आणि लोकगीतं मोठ्या मंचाच्या साच्यात बसवली गेली. त्या झगमगाटात जुनी गाणी मागे पडत होती. 1992 मध्ये कायगाल-ओल खोवालिग, सायान व अलेक्झांडर बापा हे भाऊ आणि आल्बर्ट कुवेझिन यांनी जुन्या, विसरत चाललेल्या गाण्यांसाठी छोटा संच काढला. तोच पुढे हून-हूर-तू झाला. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की जुनं टिकवायला त्यांनी नवा आकार घडवला.

बाहेरची वाटही तेव्हाच उघडत होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना तुवाच्या टपाल तिकिटांमुळे त्या देशाची ओढ लागली होती. पण तिथे पोचण्याआधीच, 1988 मध्ये, ते गेले. त्यांचे मित्र राल्फ लेटन यांनी तो ध्यास सोडला नाही. त्यातूनच 1993 च्या पहिल्या दिवशी तुवाचे तीन गायक कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या रोझ परेडमध्ये घोड्यांवरून मिरवले. हून-हूर-तूचा पहिला अल्बमही त्याच वर्षी अमेरिकेत निघाला.

या नव्या आकारानं घरातही काही बदललं. बाईनं खोमेई गायलं तर तिला मूल होणार नाही, घरच्या पुरुषांवर संकट येईल, अशी समजूत होती. तरी काहीजणी गात. 1998 मध्ये चोदुरा तुमात यांनी तिवा किझी हा फक्त बायकांचा संच उभा केला. एकेकटीला ही बंदी झुगारणं फार जड गेलं असतं, असं मला वाटतं. तिवा किझीनं परदेशांतही कार्यक्रम केले आहेत.