विमान तयार व्हायच्या आधीच उडवून बघायचं! मिक्स्ड रिॲलिटी सिम्युलेटर म्हणजे काय?

डोक्याला मोठा चष्मा लावून माणूस खुर्चीत बसलाय, विमान चालवतोय, आणि ते विमान अजून बनलेलंच नाही. असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. यालाच मिक्स्ड रिॲलिटी सिम्युलेटर म्हणतात.

व्हर्च्युअल रिॲलिटीत दिसतं ते सगळं कॉम्प्युटरचं चित्र. इथं चष्म्याला पुढून कॅमेरे असतात. त्यामुळे आपले हात, दांडा, बटणं खरी दिसतात. काचेबाहेरचं आभाळ आणि धावपट्टी तेवढी कॉम्प्युटर दाखवतो. डिझाइन बदललं की बरंचसं काम प्रोग्राममध्येच भागतं, कॉकपिट पुन्हा बांधत बसावं लागत नाही.

ब्रिटनच्या टेम्पेस्ट लढाऊ विमानाचा नुसता सांगाडा जुलै २०१८ मध्ये फार्नबरोच्या प्रदर्शनात मांडला होता. बीएई सिस्टिम्स कंपनीची कल्पना अशी, की कॉकपिटमधली बहुतेक बटणं, काटे काढायचे आणि ते वैमानिकाला हेल्मेटमध्येच दाखवायचे. त्याच कामातल्या चाचणी विमानावर वैमानिकांनी २०२३ पर्यंत १५० तासांहून जास्त उड्डाण केलं, तेही सगळं सिम्युलेटरमध्ये.

पण सिम्युलेटर जे आकडे भरले तेच दाखवतो. प्रत्यक्षात वजन वाढलं, बॅटरी कमी चालली, तर ते त्यात कुठून दिसणार? मळणीयंत्र आपण आपल्या खळ्यावर चालवून बघतो, तसंच हे. जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या हवाई टॅक्सी कंपन्या २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, प्रवासी वाहतुकीचं प्रमाणपत्र मिळण्याआधीच.

तेव्हा असा व्हिडिओ दाखवून कुणी पैसे गुंतवायला सांगितलं तर आधी विचारा: खरं विमान उडालंय का? डीजीसीएचं प्रमाणपत्र आहे का?