बायकोचं ते बायकोचं : गोर्टिनची भिंत

प्राचीन ग्रीस म्हटलं की सॉक्रेटिस, प्लेटो अशी मोठी नावं पुढे येतात. न्याय म्हणजे काय, यावर त्यांनी पुष्कळ वाद घातले. आज मात्र आम्ही तुम्हाला क्रीट बेटावरच्या एका भिंतीकडे नेणार आहोत. कारण तिच्यावर बायकांच्या हिश्श्याचं लिहिलं आहे.

क्रीटवर गोर्टिन नावाचं नगर होतं. इ.स.पू. 450 च्या सुमाराला तिथल्या लोकांनी आपला कायदा दगडावर कोरला. 12 रकाने, सहाशेच्या वर ओळी. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे. नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळून परत येतो ना, तशी. ग्रीक भाषेत या लिखाणाचं नावही ‘बैल वळतो तसं’ याच अर्थाचं आहे.

काय लिहिलं आहे? नवराबायको वेगळी झाली, तर बाईने लग्नात आणलेलं सगळं तिचं. त्यातून आलेल्या उत्पन्नाचा अर्धा वाटा तिचा. घरात तिने विणलेल्या कापडाचाही अर्धा. दोष नवऱ्याचा असेल तर त्याने वर 5 स्टेटर द्यायचे. स्टेटर म्हणजे चांदीचं नाणं. विणलं तिने, मग अर्धंच का, हे आमच्याही मनात आलं. पण बाईच्या हातच्या कामाला मोल आहे, एवढं तरी तिथे दगडावर आलं.

आम्हाला सगळ्यात पटलेलं कलम पुढे आहे. नवऱ्याने बायकोची मालमत्ता विकायची नाही, गहाण टाकायची नाही. मुलानेही आईची नाही. तरी कुणी टाकलीच, तर मालमत्ता बाईकडेच राहणार आणि टाकणाऱ्याने समोरच्याला दुप्पट भरपाई द्यायची. आपल्या पाटल्यांवर परस्पर पैसे उचललेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे कलम समजावून सांगायला नको.

त्याच काळात अथेन्स विद्येचं माहेरघर मानलं जाई. तिथे बाईला स्वतःच्या नावाने फार तर एका मापाच्या, म्हणजे साधारण पोतंभर जवाच्या किमतीइतकाच व्यवहार करता येई.

गोर्टिनमध्येही सगळं सरळ नव्हतं. वडिलांच्या इस्टेटीत मुलाला दोन वाटे, मुलीला एक. गावातलं घर आणि गुरंमेंढरं मुलांचीच. भाऊ नसलेल्या मुलीचं लग्न चुलत्याशी लावायची रीत कायद्यातच होती. नको असेल तर इस्टेटीचा काही भाग सोडावा लागे. आणि जबरदस्तीच्या गुन्ह्याचा दंड वाचून तर आम्ही थांबलोच. स्वतंत्र बाईवर अत्याचार केला तर 100 स्टेटर. घरातल्या दासीवर, 2 स्टेटर.

न्यायाधीशाजवळ एक माणूस असे, त्याचं कामच खटल्यांची आठवण ठेवायचं. पण आठवण माणसाबरोबर जाते, म्हणून भिंत बरी.

पुढे रोमन काळात हे दगड एका सभागृहाच्या बांधकामात आले. मग कित्येक शतकं मातीखाली. 1884 मध्ये हाल्बहेर नावाच्या इटालियन संशोधकाने गिरणीच्या पाटाजवळ ही अक्षरं पाहिली आणि वाचली. भिंत आजही तिथेच, छपराखाली उभी आहे.