‘मंगळवासी’ पॅकेटे आणि प्रेषकाची साक्ष

लिनक्स प्रणालीच्या नोंदींत कधीकधी ‘मार्शियन सोर्स’ असा इशारा आढळतो. पॅकेटावरील प्रेषकाचा पत्ता त्या मार्गाने येणे शक्यच नाही, जणू ते मंगळावरून आले, असा त्याचा आशय. नाव थट्टेचे असले, तरी त्यामागील प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे : लेखावर ज्याचे नाव आहे, लेख त्याचाच कशावरून?

या प्रश्नाचे मूळ सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मसुद्यात सापडते. त्यानुसार प्रत्येक पॅकेटावर प्रेषक व प्राप्तकर्ता यांचे ३२ बिटांचे पत्ते असतात. परंतु प्रेषकाचा पत्ता प्रेषकच लिहितो. राउटर सामान्यतः प्राप्तकर्त्याचा पत्ता पाहूनच पॅकेट पुढे धाडतो. मोजक्या संस्थांच्या जाळ्यात एवढा विश्वास पुरेसा होता.

जून १९९५ मध्ये फ्रेड बेकर यांनी संपादिलेल्या आरएफसी १८१२ ने अशी पॅकेटे पुढे न पाठविण्याची शिफारस केली. प्रेषकाचा पत्ता दोषी असल्यास पॅकेट कोणत्या इंटरफेसवर आले व कोणत्या शेजारी यंत्राकडून आले, हेही नोंदवावे, असे त्यात सुचविले आहे. दाव्याशेजारी स्वतंत्र साक्ष ठेवण्याचीच ही रीत होय.

तिची निकड लवकरच प्रत्ययास आली. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या सेवासंस्थेवर बनावट पत्त्यांच्या जोडणी-विनंत्यांचा भडिमार झाला. उत्तरे भलत्याच पत्त्यांकडे जात राहिली, अर्धवट जोडण्या साचल्या आणि सेवा विस्कळीत झाली. मे २००० मध्ये फर्ग्युसन व सेनी यांच्या आरएफसी २८२७ ने ग्राहकाच्या पॅकेटांची तपासणी प्रवेशद्वारीच करावी, असे सुचविले.

लिनक्सची नोंद वाचताना मात्र सावधगिरी हवी. ‘मार्शियन सोर्स’ या शब्दांनंतरचा पहिला पत्ता प्राप्तकर्त्याचा असतो. ‘फ्रॉम’ नंतरचा प्रेषकाचा. हा क्रम न ओळखल्यास निरपराध यंत्रावर आळ येतो. इथरनेटवर पुढील ओळीत १४ बाइटांचे शीर्ष दिसते : पहिले ६ प्राप्तकर्त्या कार्डाचे, नंतरचे ६ शेजारी प्रेषक कार्डाचे. तो शेजारी राउटर असल्यास शोध त्याच्यापाशी नव्याने सुरू करावा लागतो. कार्डाचा पत्ताही बदलता येतो. इंटरफेस मात्र नोंद करणाऱ्या यंत्राने स्वतः पाहिलेला असतो.

असा प्रत्येक इशारा आक्रमणाचा नसतो. जाण्यायेण्याचे मार्ग भिन्न असणे किंवा चुकीची जुळणी हेही कारण असू शकते. म्हणून प्रेषकाचे नाव हा पुरावा न मानता दावा मानावा, आणि शोधाचा आरंभ पॅकेट ज्या दाराने आत आले तेथून करावा.