कर्नल ऑलकॉट : पुतळा आणि शाळा

कुंभकोणमच्या मराठी घराण्यातील दिवाणबहादूर रघुनाथराव इंदूरचे दिवाण होते, हे पुष्कळांस ठाऊक असते. मद्रासेत ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या शाखेचे अध्यक्षही होते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या सोसायटीचे संस्थापक-अध्यक्ष कर्नल हेन्री ऑलकॉट (जन्म १८३२) हे अमेरिकी लष्करातील अधिकारी. यादवी युद्धात त्यांच्याकडे तलवारीपेक्षा लष्करी पुरवठ्यातील लाचखोरी शोधण्याचे काम आले. लिंकन यांच्या खुनाच्या तपासातही ते होते. १८७९ साली ते मुंबईत उतरले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला स्थायिक झाले.

सिलोनात त्यांच्या प्रेरणेने बौद्ध मुलांच्या शाळा निघाल्या. कोलंबोत फोर्ट रेल्वे स्थानकासमोर त्यांचा पुतळा आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांस सहज दिसतो. अड्यारचे स्मारक मात्र शोधावे लागते. अस्पृश्य मानलेल्या मुलांस इतर शाळांची दारे बंद असताना, १८९४ साली त्यांनी तेथे मोफत शाळा काढली. पुण्यात जोतीराव फुल्यांनी हे कार्य चार दशके आधीच आरंभिले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. ऑलकॉट १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यारला निवर्तले. श्रीलंकेत तो दिवस पाळला जातो. अड्यारची शाळा त्यांच्याच नावाने चालते.