ड्रमऐवजी डिस्क : मागील ब्रेक बदलताना होजची जोडणी

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकच्या मागील चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्याजागी डिस्क ब्रेक बसविण्याचे काम हौशी वाहनधारक आणि लहान कार्यशाळा अनेक वर्षांपासून करीत आहेत. शेवरलेच्या पिकअप ट्रकना १९७१ पासून पुढील चाकांवर डिस्क ब्रेक सर्रास मिळू लागले. मागे मात्र ड्रमच राहिले. लांब उतारावर वारंवार ब्रेक दाबल्यास ड्रम तापून पकड कमी होते, तर उघडी तबकडी त्या मानाने लवकर थंड होते. या बदलात कॅलिपर व तबकडीकडे पुरेसे लक्ष दिले जाते. दाब वाहून नेणाऱ्या लवचिक नळीकडे, म्हणजेच ब्रेक होजकडे, अनेकदा दुर्लक्ष होते. धोका नेमका तेथेच असतो.

नव्या होजची आवश्यकता

ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर मागील पत्र्यावर घट्ट बसविलेला असतो. त्यामुळे चेसिसपासून अॅक्सलपर्यंत एकच होज पुरतो. पुढे दोन्ही चाकांपर्यंत पोलादी नळ्या जातात. सरकत्या कॅलिपरची रचना निराळी आहे. ब्रेक दाबताच तो आपल्या पिनांवर सरकतो आणि पॅड झिजत जातील तसतशी त्याची जागाही काही मिलिमीटर बदलते. अशा कॅलिपरला पोलादी नळी थेट जोडल्यास ती प्रत्येक वेळी वाकते आणि कालांतराने तडकते. म्हणून अॅक्सलवरील नळी आणि कॅलिपर यांच्यामध्ये प्रत्येक चाकासाठी एक आखूड होज आवश्यक ठरतो.

जोडणीची पद्धत

होज व नळी जेथे मिळतात तेथे अॅक्सलवर पक्का ब्रॅकेट असावा. होजचे कॅलिपरकडील टोक बहुधा बँजो बोल्टने जोडले जाते. बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर घालावा आणि तो प्रत्येक वेळी नवा असावा. एकदा दबलेला वॉशर पुन्हा खात्रीशीर बसत नाही. कॅलिपरकडील टोक आधी बसवावे, होजला पीळ न देता दुसरे टोक ब्रॅकेटमध्ये ठेवून क्लिप लावावी व शेवटी पोलादी नळी जोडावी. नट आवळताना होजचे टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे.

नळीच्या टोकाचा आकारही जुळला पाहिजे. जुन्या अमेरिकी वाहनांत ४५ अंशांचे दुहेरी फ्लेअर असते, तर मेट्रिक पद्धतीच्या अनेक कॅलिपर-होजना निराळ्या आकाराचे टोक व आटे लागतात. आटे बळेच बसविल्यास गळती अटळ असते. साध्या तांब्याची नळी येथे वापरू नये.

मागील अॅक्सल स्प्रिंगवर वरखाली होत असल्याने चेसिसकडून येणाऱ्या मुख्य होजची लांबीही तपासावी. चाके पूर्ण लोंबकळत असताना तो ताणला जाऊ नये आणि वजन आल्यावर सायलेन्सरच्या नळीला किंवा टायरला घासू नये. काम सुरू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये. तो तारेने बांधून ठेवावा.

हवा काढणे आणि दाब

कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू सर्वांत वर असला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाल्यास तो खाली जातो, आत हवा अडकते आणि पेडल मऊ राहते. ड्रमच्या वाहिनीत सुमारे १० पीएसआय दाब टिकविणारा झडपा असल्यास तो काढावा लागतो. अन्यथा पॅड तबकडीला घासत राहतात. पुढील व मागील ब्रेकमधील दाबाचे प्रमाणही नव्याने ठरवावे, कारण मागील चाके आधी जाम झाल्यास वाहन फिरते. हँडब्रेकची स्वतंत्र सोय विसरू नये.

बोलीभाषेत ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, ते डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव खनिज तेल नव्हे. खनिज तेल टाकल्यास होज व सील फुगून निकामी होतात. अखेरीस इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरावे आणि प्रत्येक जोड कोरडा असल्याची खात्री करावी. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, कमी वेगाने घ्यावी.

ही माहिती द्रवचलित ब्रेकपुरती आहे. अवजड ट्रकचे हवेचे ब्रेक निराळे असतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे. त्यामुळे वाहनधारकाने असे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरेल.