प्राध्यापकाची उमेदवारी

शिकवावयाचे कसे हे शाळामास्तराने आधी शिकले पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडे विद्यापीठे निघण्यापूर्वीच मान्य झालेली होती. मुंबईस १८४५ साली शाळाशिक्षकांकरिता अध्यापनवर्ग निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती सोपविण्यात आला. महाविद्यालयात शिकविणाऱ्यास मात्र अशा तयारीची गरज आहे, असे कोणास वाटले नाही. जो विद्वान तो शिकविणारच, हे गृहीत धरले गेले. हे गृहीत इतके चिवट ठरले, की प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची देशव्यापी व्यवस्था १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, १९८७ पासून निघालेल्या ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांच्या रूपाने प्रथम उभी राहिली. मधल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत आपले चांगले प्राध्यापक अध्यापन शिकले तरी कोठे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या चरित्रात त्याचे एक उत्तर सापडते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. भांडारकर या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी होत. १८६२ साली ते बी. ए. झाले व १८६३ साली एम. ए. झाले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण इंग्रजीतून झाले होते. संस्कृताचा खोल अभ्यास त्यांनी दक्षिणा फेलो म्हणून पुण्यास असताना तेथील शास्त्र्यांजवळ बसून केला. अशा रीतीने दोन शिक्षणपद्धती त्यांनी विद्यार्थी म्हणून अनुभविल्या होत्या. शास्त्र्यांच्या पद्धतीत रूपावली, समासचक्र आणि अमरकोश आधी मुखोद्गत करावयाचे आणि अर्थाचा उलगडा मागाहून. तीत पाठांतर पक्के होई व ग्रंथ हाडीमासी खिळे. पण तीस वर्षांमागून वर्षे लागत आणि घरात परंपरा असल्यावाचून तिचा निभाव लागत नसे. इंग्रजी वर्गाला इतका अवकाश नव्हता. तेथे तासाला घंटा होती आणि वर्षाअखेरीस परीक्षा होती.

एम. ए. झाल्यावर भांडारकरांना महाविद्यालयातील खुर्ची मिळाली नाही. १८६४ साली ते सिंधमधील हैदराबाद येथे हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच पदावर रत्नागिरीस आले. चरित्रकार या वर्षांकडे केवळ पायरी म्हणून पाहतात. आमच्या मते हीच त्यांची खरी उमेदवारी होय. त्याच दशकात विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी बाजूस सारली गेली व अभिजात भाषांचे महत्त्व वाढले. ज्यांच्या घरी संस्कृताचा गंधही नव्हता, अशा मुलांना आता ती भाषा थोडक्या वर्षांत येणे भाग होते. तसे पुस्तक मात्र उपलब्ध नव्हते. भांडारकरांनी ते स्वतः लिहिले. संस्कृताचे त्यांचे पहिले पुस्तक, ‘मार्गोपदेशिका’, १८६४ साली प्रसिद्ध झाले व दुसरे १८६८ साली.

या पुस्तकांची रचना पाहिली म्हणजे त्यांच्या कर्त्याने वर्गात काय शिकून घेतले होते ते कळते. पाणिनीच्या शास्त्रात एक साधे रूप सिद्ध करावयाचे तरी निरनिराळ्या अध्यायांतील सूत्रे जुळवावी लागतात. ज्याला सर्व अष्टाध्यायी येते त्यालाच त्यातील एक पान खऱ्या अर्थाने कळते. शास्त्र म्हणून हा त्याचा गुणच होय, परंतु नवशिक्यास ती भिंत ठरते. भांडारकरांनी नियमांचा क्रम शास्त्राच्या सोयीने न लावता शिकणाऱ्याच्या सोयीने लावला. आरंभी वर्तमानकाळाची काही रूपे, त्यांच्यावर चालणारी लहान लहान वाक्ये, जरूर तेवढेच शब्द. मग विभक्ती एकेक करून. कठीण काळ व रूपे दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवली. प्रत्येक पाठात संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात अशी दोन्हीकडची भाषांतरे घातली. शिकलेला नियम मुलाने त्याच दिवशी स्वतः वापरावा, हा त्यांतील हेतू उघड आहे.

यात पाणिनीचा अनादर मुळीच नव्हता. नियम पाणिनीचेच होते. बदलली ती त्यांची मांडणी. विषय जाणणे आणि विषय कोणत्या क्रमाने दुसऱ्याच्या मनात उतरतो हे जाणणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली त्यांना शास्त्र्यांनी व ग्रंथांनी दिली. दुसरी विद्या मात्र जो मुलांच्या चुका रोज तपासतो, त्यालाच येते.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुस्तके इंग्रजीतून होती. मराठी मुलाने आपल्या भाषेच्या आजीकडे परभाषेच्या वाटेने जावयाचे, असा हा विपरीत प्रवास होता. त्याला कारण विद्यापीठाची रचना होती. परंतु त्याचा भार विद्यार्थ्यांनीच वाहिला.

पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृताच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून केले. तथापि १८७३ साली ती कायम जागा पीटर पीटर्सन या नव्याने आलेल्या परदेशी गृहस्थांस मिळाली व भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. फ्रान्झ कीलहॉर्न जर्मनीस परतल्यानंतर १८८२ साली त्यांना डेक्कन कॉलेजातील प्राध्यापकपद लाभले. १८९३ साली निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खुद्द कीलहॉर्न पुण्यातील शास्त्र्यांजवळ व्याकरण शिकले होते, आणि विद्यार्थ्यांसाठी त्यांनीही १८७० साली संस्कृत व्याकरणाचे पुस्तक सिद्ध केले होते. थोर पंडितांना प्रारंभिक पुस्तक लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आज प्राध्यापकांच्या नेमणुकीत व बढतीत शोधनिबंधांची मोजदाद होते. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकास तेथे फारसे वजन नाही. भांडारकरांचे संशोधन त्यांच्या काळी युरोपातही मान्यता पावले आणि त्यांपैकी पुष्कळ भागाला पुढील संशोधनाने मागे टाकले, हा विद्येचा क्रमच आहे. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यांची ती दोन पुस्तके छापली जातात आणि संस्कृताचा श्रीगणेशा करणारे विद्यार्थी ती अजून उघडतात. प्रशिक्षणवर्ग अवश्य असावेत. त्यांना उशीर झाला एवढीच आमची तक्रार. परंतु त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुण प्राध्यापकाने आपल्या विषयाचे पहिले दहा पाठ, त्या विषयाचा गंधही नसलेल्या विद्यार्थ्यासाठी, एकदा स्वतः लिहून पाहावेत. रत्नागिरीच्या मुख्याध्यापकाने आपली परीक्षा याच रीतीने दिली होती.