पक्षकारांनीं निवडलेला न्यायाधीश

अमेरिकेंतील कित्येक राज्यांत वकील लोकांपुढें मतें मागतो व निवडून आल्यास न्यायाधीश होतो. आपल्याकडे ही चाल नाहीं. येथें न्यायाधीश नेमला जातो. तथापि न्याय करणारा माणूस तंटेखोरांनींच निवडावा, यासाठीं एका मराठी वकिलानें एकोणिसाव्या शतकांत खटपट केली. ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

पुण्यास 1870 सालीं सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या द्वारें काकांनीं लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. स्टँप, वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांनीं गरीब पक्षकार जेरीस येई. त्यापेक्षां उभयतांस मान्य अशा पंचांपुढें तंटा तोडावा, ही योजना. ज्याचा चरितार्थ वकिलीवर, त्यानेंच कोर्टाची पायरी टाळावयास सांगावें, ही गोष्ट लहान नव्हे.

सभेच्या कार्यांत काकांचे सहकारी महादेव गोविंद रानडे हे स्वतः सरकारी न्यायाधीश. 1879 सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळें सरकारास रानड्यांचा संशय आला व त्यांची बदली आपल्या धुळ्यास झाली. येथें त्यांचीं पत्रें फोडून पाहिलीं जात. तिकडे काकांनीं फडक्यांचें वकीलपत्र घेतलें. पुढच्याच वर्षीं ते वारले.

सरकारनें नेमलेल्या न्यायाधीशावर सरकारचाच विश्वास उरला नव्हता. लवादापाशीं हुकूम नव्हता, शिपाई नव्हता. ‘आम्हांस हा मान्य’ हे दोघां भांडणाऱ्यांचे शब्द, एवढीच त्याची सनद होती.